विजूच्या गोळ्या आणि माझ्या पेशी

पुण्याची गाडी सकाळी आठला होती. आठला सात मिनिटं कमी असताना माझा धाकटा भाऊ विजू कोल्हापूरच्या स्टँडवर फलाटावरच पडला.

माझी मोठी निळी बॅग त्याच्याच हातात होती. बोलता बोलता त्याचं वाक्य मधेच तुटलं, मान डावीकडे वळली आणि मला कळलं. मी हात पुढे करेपर्यंत तो खाली आपटला. मग ते सुरू झालं. दोन्ही हात, दोन्ही पाय, जबडा. आई खाली बसून त्याचं डोकं मांडीवर घ्यायला धडपडत होती. क्षणात कोंडाळं झालं. कुणीतरी ओरडलं, "पावणं, चप्पल हुंगवा की आधी!" दुसऱ्याने किल्ल्यांचा जुडगा काढून त्याच्या मुठीत कोंबला. माझी गाडी सुरू झालेली होती. कंडक्टर दारात उभा राहून आमच्याकडे बघत होता.

आबा, माझे वडील, माझ्याकडे वळले. "तू गाडीत बस."

"आबा, हे थांबू दे आधी."

"रूपा, दोन मिनटात थांबतंय ते, तुला ठाव हाय. विमान थांबत न्हाय. बस म्हंतोय न्हवं!"

आणि मी बसले. बॅग उचलली, गाडीत चढले, खिडकीशी बसले. गाडी मागे सरकली तेव्हा माणसांच्या पायांमधून मला विजूचा एक पाय दिसत होता आणि तो अजून हलत होता. आबांचा फोन आईच्या पिशवीत, आईची पिशवी कुठे कुणास ठाऊक. मी कराडपर्यंत बावीस वेळा फोन लावला. कराडच्या अलीकडे आबांनी उचलला. "उठला. चहा घेतला. आक्काची बॅग नीट ठिवली का इचारतोय," म्हणाले. मी खिडकीला डोकं टेकून रडले. शेजारच्या बाईंनी न विचारता मला अर्धं केळं दिलं.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. हे लिहितेय ते शाहूवाडीच्या डोंगरात राहिलेल्या माझ्या माणसांसाठी, आणि माझ्यासारखं कुणालातरी फलाटावर टाकून जे गाडीत बसले त्यांच्यासाठी. दोघांनाही मी आजवर अर्धवटच सांगत आलेय.

विजूला फिट यायला लागली तो अकरा वर्षांचा असताना. पहिल्यांदा आली तेव्हा आईने त्याची जीभ दाताखाली येऊ नये म्हणून चमचा घातला आणि त्याचा पुढचा दात अर्धा तुटला. आधी एका देवऋष्याकडे झालं, मग कोल्हापूरला डॉक्टर, मग गोळ्या. गोळ्या लागू पडल्या. वर्षाला एखाद-दुसरी फिट यायची, तीही जागरण झालं किंवा ताप आला तर. पण घरात त्या आजाराचं नाव कुणी घ्यायचं नाही. 'त्याला तसं झालं' एवढंच म्हणायचं. भाताच्या मळणीला माणसं आली की आई गोळ्यांचं पाकीट डाळीच्या डब्यात टाकायची.

इथे जर्मनीत लोकांना वाटतं, भावाच्या आजारामुळे मी मेंदूकडे वळले. मुलाखतीत मीसुद्धा तसंच सांगितलं, कारण ते ऐकायला बरं वाटतं. खरं असं की शिष्यवृत्ती ज्या विषयाला होती तो विषय मी घेतला.

विषय असा. गंभीर अपस्माराच्या काही रुग्णांवर मेंदूची शस्त्रक्रिया करावी लागते. आजाराच्या मुळाशी पोचायला सर्जनला वरच्या थराचा, कॉर्टेक्सचा, छोटा तुकडा काढावा लागतो. रुग्णाने आधी संमतीची सही केली असेल तर तो तुकडा टाकून न देता आमच्या प्रयोगशाळेत येतो. ऑक्सिजनचे बुडबुडे सोडलेल्या थंडगार खारट द्रावणात, बंद डब्यात. आम्ही त्याचे पातळ काप करतो. ते काप पुढे काही तास जिवंत असतात. त्यातली एक पेशी निवडायची, केसाहून बारीक टोकाची काचेची नळी तिला टेकवायची, नळीतून तोंडाने हलकेच हवा ओढून ती पेशीला चिकटवायची. जमलं तर पडद्यावर त्या पेशीतल्या विजेची रेघ दिसायला लागते. मग विजेचा अगदी छोटा धक्का द्यायचा आणि ती किती ठोके, म्हणजे विजेच्या उसळ्या, देते ते मोजायचं.

खरी गंमत पुढे आहे. धक्का तोच ठेवायचा आणि पेशीभोवतीचं पाणी बदलायचं. नॉरअ‍ॅड्रेनालिन, म्हणजे माणूस दचकला की मेंदूत सुटतं ते रसायन, पाण्यात मिसळलं की मघाशी दोन ठोके देणारी पेशी पाच देते. अ‍ॅसिटिलकोलिन घातलं की पेशीला शांत ठेवणाऱ्या काही वाटा बंद होतात आणि ती सावध होऊन बसते. सेरोटोनिनचं तर विचारूच नका. एका पेशीला ते गप्प करतं, शेजारचीला जागं करतं. कुणाच्या अंगावर त्याला धरणारी कोणती कडी आहे यावर ते ठरतं. आणि एक पेशी चाळवली म्हणून सगळा मेंदू चाळवतो असंही नाही. जे रसायन एका पेशीला उठवतं तेच रसायन आजूबाजूच्या हजारो पेशींना आवरूही शकतं. तीन वर्षं मी हेच मोजत होते. परिषदांमध्ये उभी राहून इंग्रजीत सांगत होते, मोडक्या जर्मनमध्ये सांगत होते. टाळ्या मिळत होत्या.

दर रविवारी घरी फोन. "कसं हाय सगळं?" "बरं हाय." "विजू गोळ्या घेतोय?" "घेतोय की." "तुझं?" "बरं हाय." एवढ्यावर आमचं भागायचं. मग आई ऊन-पाऊस सांगायची, मी इथली थंडी सांगायचे.

चौथ्या वर्षी विजूचं लग्न ठरत आलं. तो तोवर गावातल्या दूध डेअरीत दुधातलं फॅट मोजायच्या मशीनवर बसत होता. चोख काम, गावात नाव चांगलं. मुलगी गगनबावड्याकडची, अश्विनी. बारावीनंतर नर्सरीच्या पोरांना शिकवत होती. फोटोत ती कॅमेऱ्याकडे अशी बघत होती की जणू कॅमेऱ्यालाच काहीतरी विचारायचंय.

मी आईला म्हणाले, "त्यांना सांगितलंय नव्हं?"

आई म्हणाली, "तुज्या जर्मनीत सांगत असतील. हितं सांगून कोण पोरगी देणार? दोन वर्सं झाली, एक बी आली न्हाय त्याला."

"आई, हे बरोबर न्हाय."

"मग ये हितं आणि तूच सांग जा."

मी गेले नाही आणि सांगितलंही नाही. फोनवरून सांगता आलं असतं. अश्विनीच्या वडिलांचा नंबर विजूने मला कौतुकाने पाठवला होता. मी तो सेव्ह केला आणि तसाच ठेवला. आजही या सगळ्यात माझी चूक कुठली म्हणाल तर ती ही.

नोव्हेंबरातला बुधवार. साडेदहाला हॉस्पिटलमधून डबा आला. आम्हाला रुग्णाचं फक्त वय आणि स्त्री की पुरुष एवढंच कळतं. कागदावर लिहिलं होतं: पुरुष, पंचवीस. विजूही पंचवीसचा. मी कागद पालथा घातला आणि काप करायला बसले. अकराच्या सुमाराला खिशातला फोन थरथरला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. बुधवारी घरून फोन येत नसतो. मी हातमोजे काढून उचलला.

आबा होते. "रूपा, थांबंना झालंय गं." मागे बायकांचा गलका. "पावण्यांच्या अंगणात पडलाय. थांबंना झालंय."

लग्नाची तारीख काढायला सगळे अश्विनीकडे गेले होते.

"किती वेळ झाला आबा?"

"लई वेळ झाला."

"आबा, मिनिटं सांगा. किती मिनिटं?"

फोन कुठेतरी खरखरला आणि एका पोरीचा आवाज आला, स्पष्ट, जरा चिडलेला. "ताई, मी अश्विनी. सात मिनटं झाली. घड्याळ बघूनच बोलतोय मी. काय करायचं सांगा." आमच्याकडच्या पोरी स्वतःबद्दल अशाच बोलतात, 'बोलतोय', 'जातोय'. त्या एका शब्दाने माझ्या पायात बळ आलं.

"त्याला कुशीवर कर. तोंडात कुणी काही घालू देऊ नकोस."

"चमचा आणलाय कुणीतरी."

"फेक तो."

"फेकला."

"डोक्याखाली काहीतरी मऊ घाल. हातपाय दाबून धरू नका. माझ्या आईला विचार, नाकात मारायचा स्प्रे आणलाय का."

तो स्प्रे मीच मागे लागून डॉक्टरांकडून लिहून घेतला होता. फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली तर मारायचा. तो कायम विजूच्या खिशात असायला हवा होता. आईचं रडणं ऐकू आलं, मग अश्विनीचा आवाज. "घरी ऱ्हायलाय म्हंतात. कपाटात. आमास्नी दिसू नये म्हणून."

तिने लगेच विचारलं, "आता?"

"गाडी काढा. जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या, इंजेक्शन देतील. कोल्हापूर नंतर. त्याला कुशीवरच ठेवायचं. आणि अश्विनी, गोळ्या घेत होता का तो?"

तिने विचारलं. उत्तर मला तिच्या तोंडून ऐकावं लागलं. "धा दिवस झालं बंद केल्यात म्हंत्यात. त्येनं सुस्ती येती म्हणून. आणि साखरपुड्याला आमच्या घरातली माणसं ऱ्हायला येणार हुती, त्यास्नी पाकीट दिसंल म्हणून." मग फोन तुटला. त्या बाजूला रेंज अशीच, वळणावळणाला जाते.

पुढची चाळीस मिनिटं माझ्याकडे काहीच नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेतली लेना माझ्या मागे येऊन उभी होती. तिला मराठी कळत नाही, पण माझा चेहरा कळला. "तू जा, मी बघते," म्हणाली. कुठे जाणार होते मी? खाली बाकावर बसून फोनकडे बघत राहिले असते. मी म्हटलं, नको. खुर्चीत बसले, नळी भरली, काप सूक्ष्मदर्शकाखाली घेतला.

त्या दिवशी माझा हात एकदाही हलला नाही. पहिल्याच प्रयत्नात पेशी लागली. धक्का दिला, दोन ठोके. पुन्हा दिला, दोन. नॉरअ‍ॅड्रेनालिन सोडलं, थांबले, पुन्हा तोच धक्का. पाच. आमच्या यंत्राला स्पीकर आहे, पेशीचा प्रत्येक ठोका 'टक' असा ऐकू येतो. टकटकटकटकटक. बाजूला फोन पालथा पडलेला. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: तिकडे आता असंच होतंय, अख्ख्या मेंदूत, एका तालात, आणि त्याला आवरणारं औषध दहा दिवसांपूर्वी काढून घेतलंय. मी रसायन धुऊन काढलं. पेशी हळूहळू परत दोन ठोक्यांवर आली. ते बघताना मी पुटपुटत होते, ये, ये, खाली ये. कुणाला म्हणत होते मला माहीत नाही.

ती नोंद उत्तम निघाली. माझ्या प्रबंधात ती आकृती आहे. ती कशी घेतली गेली हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

फोन वाजला तेव्हा बारा वाजत आले होते. आबा. "थांबली," म्हणाले, आणि मग नुसता श्वास. दवाखान्यात दुसऱ्या इंजेक्शनला थांबली होती. तिथल्या डॉक्टर बाई अँब्युलन्समध्ये स्वतः बसून कोल्हापूरपर्यंत आल्या. विजू दीड दिवस पूर्ण शुद्धीवर नव्हता. शुद्धीवर आल्यावर आठवडाभर त्याला आदल्या महिन्यातलं बरंच आठवत नव्हतं. साखरपुडा ठरल्याचंही नाही. ते त्याला आबांनी सांगितलं, आणि मोडल्याचंही आबांनीच सांगितलं.

दोन आठवड्यांनी मी गावी पोचले. विजू अंगणात बसला होता, जिभेची जखम भरत आली होती. मला बघून हसला नाही.

"आक्का, तुला डोक्यातलं सगळं कळतंय. जगाला सांगत फिरतीस. मग मला का सांगितलं न्हाईस, गोळी एकदम सोडली की काय हुतंय?"

"मी दर रविवारी विचारत होते की, घेतोस का म्हणून."

"इचारत हुतीस. सांगितलं न्हाईस."

त्याचं खरं होतं. मला तो प्रश्न मराठीत कधी पडलाच नव्हता. प्रयोगशाळेतल्या माझ्या शब्दांना गावाकडच्या बोलीत जोडच नव्हती, आणि मी ती शोधली नव्हती. पुढचे तीन दिवस मी शोधली. डेअरीत, दूध घालणाऱ्यांची रांग संपल्यावर, वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढून. पेशी काय, तिच्या भोवतीचं पाणी काय, गोळी त्या पेशीला कशी आवरून धरते. गोळीचा तो हात एकाएकी काढला तर पेशी आधीपेक्षा जास्त उसळते. झोप नसली, ताण असला की ते पाणीच बदलतं. त्याने विचारलं, "म्हंजे माज्यात काय जास्त हाय का कमी हाय?" मी म्हणाले, इतकं सोपं असतं तर मला नोकरी नसती. मग तो हसला.

त्याने स्वतः एक कागद लिहिला आणि फॅटच्या मशीनवर चिकटवला. 'मला फिट येते. आल्यास कुशीवर करा. तोंडात काही घालू नका. पाच मिनिटं झाली तर वरच्या खिशातला स्प्रे नाकात मारा.' खाली नाव, सही. आईने तो कागद दोनदा काढला. त्याने तिसऱ्यांदा लावला. चौथ्या दिवशी दूध घालायला आलेल्या एका म्हातारबाबांनी तो मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "आमच्या नातीला बी येतीया. कुठला डॉक्टर तुजा?" आईने पुन्हा कागदाला हात लावला नाही.

परत निघायच्या आधी मी अश्विनीच्या घरी गेले. एकटी. तिच्या वडिलांनी मला बसा म्हटलं नाही, पण उठाही म्हटलं नाही. मी माफी मागितली. तुमचा नंबर माझ्याकडे सहा महिने होता, हेही सांगितलं. अश्विनी दारापर्यंत सोडायला आली.

"ताई, फिटचं मला काय वाटलं न्हाय. माज्या वर्गात दोन पोरं हायत तसली. पर तुमी समद्यांनी मिळून मला येडं समजलासा की." मग म्हणाली, "त्यो बरा हाय न्हवं?"

"आहे."

"मग झालं," म्हणाली आणि आत गेली. लग्न मोडलं ते मोडलंच. पुढच्या वर्षी तिचं दुसरीकडे झालं. विजूला ते लागलं, बरेच महिने लागलं. आता तो कुठलंही स्थळ आलं की पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. दोन स्थळं त्यावर उठून गेली. तिसऱ्यांनी पुन्हा चहा मागितलाय, एवढ्यावर सध्या आहे.

माझंही सांगते. परत आल्यावर मला काम करता येईना. फोन थरथरला की छातीत धडधडायचं, हाताला घाम यायचा, नळी टेकवताना बोटं हलायची. ज्या हाताने त्या बुधवारी एवढं नीट काम केलं तो हात गेला. इथल्या डॉक्टरने सेरोटोनिनवर चालणारी गोळी दिली. ती गोळी पेशीवर काय करते हे मला त्या डॉक्टरपेक्षा जास्त माहीत होतं, आणि तरी मी ती मोज्यांच्या खणात लपवून ठेवली. खोलीत मी एकटीच राहते. लपवत होते कुणापासून?

चार महिने रविवारी 'बरं हाय' म्हणत राहिले. मग एका रविवारी विजूनेच विचारलं, "आक्का, तुजा आवाज असा का येतोय?" आणि मी सांगून टाकलं. तो म्हणाला, "म्हंजे आता आपण दोघं बी गोळीवर. एकदम सोडू नगंस, काय हुतंय मला ठाव हाय." आबा मागून खोकले. आई फोन घेऊन आत गेल्याचं कळलं, दार लागल्याचं कळलं.

"रूपा," ती हळू आवाजात म्हणाली, "मला बी झोप लागत न्हाय गं. तू गेल्यापासनं न्हाय लागत. सांगितलं न्हाय कुणाला."

मी विचारलं, किती वर्षं, आई? तिने हिशेब केला नाही. ती बोलत सुटली. पहाटे कितीला जाग येते, छातीत काय होतं, कोंबडं आरवेपर्यंत ती काय काय विचार करत पडते. चाळीस मिनिटं. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्याशी तिच्याबद्दल बोलत होती, आणि मी मध्ये एकदाही डॉक्टरी शब्द काढला नाही. पुढच्या आठवड्यात विजू तिला कोल्हापूरला घेऊन गेला. आता बरी झोपते. नेहमी नाही.

इथले लोक विचारतात, परत कधी जाणार. गावचे विचारतात, कायमची तिकडंच का. माझं इथलं काम अजून दोन वर्षं वाढलंय आणि त्यापुढचं मला खरंच ठाऊक नाही. पण घर कुठे, असं कुणी विचारलं तर आता मी अडखळत नाही. शाहूवाडीच्या डोंगरातल्या त्या घरात आता माझ्यापासून वाईट बातमी लपवली जात नाही. गेल्या रविवारी आईने फोन उचलल्या उचलल्या सांगितलं, "सकाळी त्याला एक आलती. दीड मिनिट. आता जेवतोय." मी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, सांग, पहिल्यापासून सांग.